चंद्रीनं दिलेली साक्ष

शेतीला कालव्याचं पाणी मिळालं तर देशाच्या मिळकतीत किती भर पडते, हे मला विचारू नका. मी अर्थशास्त्रज्ञ नाही, एकतीस वर्षं कालवा निरीक्षक होतो. पण हाच प्रश्न घेऊन एकदा एक मॅडम पुण्याहून थेट आमच्या चोपडा तालुक्यात आल्या होत्या, आणि त्यांना उत्तर मिळालं ते एका म्हशीकडून. त्या वेळी मी शेजारीच उभा होतो. उत्तर मलाही ठाऊक होतं, पण मी मूग गिळून गप्प बसलो होतो. त्याची लाज मला अजून वाटते, म्हणून आता निवृत्तीनंतर लिहून टाकतो.

कालवा निरीक्षक म्हटलं की पाहुण्यारावळ्यांना वाटतं, हा माणूस दिवसभर काठावर बसून पाण्याकडे बघतो. माझ्या सासऱ्यांचाही शेवटपर्यंत तोच समज होता. खरं काम असं की, धरणातून कालव्याला पाळीपाळीनं पाणी सुटतं. कालव्यातून चाऱ्या निघतात, चारीतून शेतात पाणी जातं. कोणी किती क्षेत्राला आणि कोणत्या पिकाला पाणी घेतलं हे निरीक्षकानं बांधावर जाऊन फितीनं मोजायचं आणि रजिस्टरात लिहायचं. पाणीपट्टी पिकावर ठरते. केळी बारा महिने पाणी पिते, तिची पट्टी सगळ्यात जड. ज्वारीची सगळ्यात हलकी. त्यामुळे माझ्या हद्दीत एक चमत्कार नेहमी व्हायचा. मी बांधावर पाय ठेवला की उभ्या केळीची ज्वारी व्हायची.

गिऱ्हाईकंही एकेक नमुना होती. भावडू नावाचा एक शेतकरी कालव्याच्या काठावरून रबरी नळी टाकून पाणी चोरायचा. एकदा मला येताना पाहून तो नळीवरच फतकल मारून बसला आणि कंबर धरल्याचं सोंग घेतलं. मलाही त्या दिवशी दुसरं काम नव्हतं. मी शेजारी बसलो, तंबाखू मळली, पोराबाळांची चौकशी केली. नळीला भोक होतं. दोन तासांत भावडूचं धोतर कमरेपर्यंत भिजलं, पण पठ्ठ्या हलला नाही. शेवटी मीच उठलो. इतकी मेहनत मी नोकरीत कधी केली नव्हती.

पण सगळ्यांत वस्ताद होते सावळखेड्याचे मोतीराम आबा. कालव्याच्या तोंडाशी चौदा एकर बागायत, घरी बारा म्हशी, दोन ट्रॅक्टर, उजव्या हाताच्या तीन बोटांत तीन अंगठ्या. शेताच्या चारी बाजूंनी त्यांनी ज्वारीच्या चार-चार ओळी लावलेल्या असत आणि आत केळी. बांधावरून ज्वारीच दिसे. मी ज्वारी लिही. दर सणाला आमच्या घरी केळीचा घड येई. ज्वारीच्या ताटाला घड लागत नाही, हे माझ्या बायकोनंही मला एकदा सुनावलं होतं. मी तो घड शेजाऱ्यांत वाटायचो, म्हणजे पापाचीही वाटणी होईल असा माझा हिशोब होता.

सावळखेड्यापासून तीन किलोमीटरवर, एक टेकाड ओलांडलं की धामणदर. तिथे कालवा नाही. चारी मंजूर होऊन कित्येक वर्षं झाली होती, नकाशावर निळी रेघही होती, पण खोदकाम त्या टेकाडाच्या अलीकडेच थांबलेलं. गाव टँकरवर जगायचं. सकाळ झाली की अर्धं गाव सावळखेड्यात केळीच्या कापणीला मजुरीवर जायचं. तिथले जुने सरपंच सुखदेव नाना दर आठवडी बाजारात मला गाठायचे आणि चारीचं विचारायचे. मी दर वेळी म्हणायचो, पुढच्या वर्षी नाना. ते एकदाही रागावले नाहीत, उलट चहा पाजायचे. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

अशात त्या मॅडम आल्या. पन्नाशीच्या, खादीची साडी, पायात बूट, बरोबर दोन मदतनीस आणि एक जीप. आमच्या साहेबांनी मला त्यांच्या दिमतीला दिलं. मॅडमनी मला त्यांचं काम अगदी सोपं करून सांगितलं. एक गाव पाण्याचं घ्यायचं, शेजारचंच एक बिनपाण्याचं घ्यायचं. माती तीच, पाऊस तोच, माणसं तीच. दोन्ही गावांत घरोघर जायचं, खाणं, दूध, जनावरं, शाळा, मजुरी, सगळं विचारायचं. मग पाण्याच्या गावातून बिनपाण्याचं गाव वजा करायचं. जी बाकी उरेल ती पाण्याची किंमत. बाकी मोठी निघाली तर अशा अर्धवट राहिलेल्या चाऱ्यांना पैसा द्यायचा, असं वर ठरलेलं होतं. सावळखेडं आणि धामणदर ही जोडी त्यांनी नकाशावरून निवडली होती.

मला तर आनंदानं काय करू असं झालं. बाकी मोठीच निघणार होती. मी लगेच नानांना फोन लावून सांगितलं, पाहणीला येतोय, घराघरातली खरी परिस्थिती दाखवा. नाना म्हणाले, काही काळजी करू नको भाऊ, चांगली दाखवतो. तो शब्द मी नीट ऐकायला हवा होता.

पहिल्या दिवशी सावळखेडं. आता इथे माझी पहिली चूक. मी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलो. ज्या गावानं वर्षानुवर्षं मला पाहून केळीची ज्वारी केली, त्या गावात मी सरकारी जीपमधून वही-पेनवाली तीन माणसं घेऊन उतरलो. पट्टी वाढणार, ही बातमी आमच्याआधी गावात पोचलेली होती.

मोतीराम आबा दारातच उभे होते. अंगात सदरा असा फाटका की मला तो ओळखीचा वाटला. मग आठवलं, हा त्यांच्या शेतातल्या बुजगावण्याचा. तिन्ही बोटांवर अंगठ्यांच्या जागी पांढरे पट्टे. मॅडमनी दूधदुभत्याचं विचारलं तर म्हणाले, म्हैस कुठली परवडते, कोरा चहा पितो. आणि खरोखर कोरा चहा आला, तोही गुळाचा. गोठा रिकामा. शेण मात्र ताजं होतं आणि बारा खुंटे ओळीनं ठोकलेले होते. मॅडमनी खुंट्यांचं विचारलं. आबा म्हणाले, वडिलांची आठवण म्हणून ठेवलेत.

गावभर हेच. एका घरात बाईनं भिंतीवरचा टीव्ही काढून तिथे देवाचा फोटो लावला होता, पण तो इतका लहान की भोवती टीव्हीएवढा चौकोन स्वच्छ दिसत होता. मदतनीस मुकाट्यानं लिहून घेत होते. संध्याकाळी मॅडमनी माझं रजिस्टर मागितलं, लोक सांगतात ते कितपत खरं हे ताडून बघायला. रजिस्टरात सगळीकडे ज्वारी. मॅडम म्हणाल्या, तुमच्या नोंदी अगदी जुळतात हो, फार प्रामाणिक काम आहे. लोक खोटं बोलताहेत असं सांगायचं तर आधी माझं रजिस्टर खोटं आहे हे सांगावं लागलं असतं. मी धन्यवाद म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकाड ओलांडलं आणि धामणदर बघून माझे डोळेच पांढरे झाले. वेशीवर रांगोळी. सुखदेव नाना गुलाबी फेटा बांधून उभे. जिथे एरवी शेळी दिसायची मारामार, तिथे दर दोन घरांआड एक काळीभोर म्हैस. नानांच्या अंगणात लाल ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरवर त्यांचा चौतिशीचा मुलगा गोकुळ, डोळ्यांवर काळा चष्मा. त्याला ट्रॅक्टर चालवता येत नव्हता, म्हणून तो दिवसभर नुसता वर बसून राहिला. जेवायलाही खाली उतरला नाही.

नानांनी बासुंदी आणली. मॅडमनी विचारलं, म्हशी किती? नाना म्हणाले, गावात तीस-चाळीस, मोजत कोण बसतो. दूध? ते तर वाटून टाकतो. आणि ही अंगणातली, हिचं नाव काय? नाना क्षणभर अडखळले आणि लक्ष्मी म्हणाले. तेवढ्यात त्या लक्ष्मीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डावं शिंग खाली वळलेलं, कपाळावर पांढरा टिळा. ही आबांची चंद्री. दोन वर्षांपूर्वी आबांच्या बांधावर हिनं माझी मोजणीची फीत चघळून टाकली होती, मी तिला कशी विसरेन.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सावळखेड्याला म्हशी लपवायच्या होत्या आणि धामणदरला दाखवायच्या होत्या. दोन्ही गावांचं रोजचं जाणं-येणं. आबांनी निरोप धाडला असणार, दोन दिवस सांभाळा, दूध तुमचं. काल केळीत दडवलेल्या साऱ्या गावच्या म्हशी आज पहाटे टेकाड चढून आल्या होत्या, ट्रॅक्टरसकट.

मी नानांना चुलीमागे घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं की हे काय मांडलंय. ते उलट माझ्यावरच खूश. कसं दिसतंय गाव, म्हणाले. मी त्यांना वजाबाकी समजावून सांगितली. आता बाकी उणे येणार होती. पाणी मिळालेलं गाव कंगाल आणि कोरडं गाव मालामाल. मॅडम पुण्याला जाऊन लिहिणार की कालव्यानं माणूस भिकेला लागतो, आणि तुमची चारी कायमची बुजणार. नानांच्या तोंडचं पाणी पळालं. फेटा एका बाजूला कलला. पण आता मागे फिरायचं कसं? बासुंदी तर पोटात गेली होती.

मी ठरवलं, मॅडमना सांगायचंच. दोनदा त्यांच्याजवळ गेलो. पहिल्यांदा त्यांना विचारलं, ऊन फार आहे ना. दुसऱ्यांदा विचारलं, परतीची गाडी कितीला आहे. माझी नोकरीची पाच वर्षं राहिली होती आणि त्या रजिस्टरावर प्रत्येक पानाखाली माझीच सही होती. टेकाडापलीकडून खोदत आणलेली चारी माझ्या एका वाक्यावर अडली होती, आणि ते वाक्य काही माझ्या तोंडातून निघेना.

पण या सगळ्या बेतात दोन्ही गावच्या शहाण्यांनी एक गोष्ट विचारात घेतली नव्हती. म्हैस पाणी पिते. तेही घोट-दोन घोट नाही, बादल्यांवर बादल्या. आणि कालव्याकाठची म्हैस नुसती पिऊन गप्प बसत नाही, दुपारी तिला डुंबायला लागतं. धामणदरला त्या दिवशी आलेला टँकर म्हशींनी अकरा वाजेपर्यंत संपवला. बायकांनी घरातले हंडे आणून ओतले, तेही गेले. एका घरी तर मॅडमसाठी झाकून ठेवलेला माठ म्हशीनं तोंड घालून रिकामा केला. दुपारी तीनच्या उन्हात गावात प्यायला घोटभर पाणी उरलं नाही, आणि सगळ्या म्हशी एका सुरात ओरडू लागल्या. त्या गलक्यात मॅडम एका आजीबाईंना विचारत होत्या की गावात पाण्याची काही अडचण आहे का. आजी मोठ्यानं म्हणाल्या, काही नाही.

तेवढ्यात चंद्रीनं हिसडा दिला. दावं तुटलं. ती अंगणातून निघाली, रांगोळीवरून गेली आणि गल्लीला लागली. नाना लक्ष्मी लक्ष्मी करत मागे धावले. चंद्रीनं ढुंकूनही पाहिलं नाही. तिच्या मागे दुसरी, मग तिसरी. कुणाचं दावं तुटलं, कुणाचा खुंटाच उपटून आला. बघता बघता सगळ्या म्हशींची एक लांब रांग टेकाडाकडे निघाली, पाठीमागे धामणदरचं अख्खं गाव, आणि सगळ्यात मागे पुण्याची जीप. ट्रॅक्टरवरून गोकुळ ओरडत होता की मला कुणी खाली उतरवा.

टेकाड उतरल्यावर मॅडमनी गाडी थांबवायला सांगितली. समोर आमचा कालवा, पाळी चालू असल्यामुळे काठोकाठ भरलेला, आणि त्यात साऱ्या म्हशी नाकापर्यंत बुडून बसलेल्या. धार काढायची वेळ होत आली होती, म्हणून सावळखेड्याच्या बायाबापड्या बादल्या घेऊन काठावर आल्या होत्या आणि जी ती आपापल्या म्हशीला नावानं हाका मारून बोलावत होती. मोतीराम आबाही होते, अजून बुजगावण्याच्याच सदऱ्यात. चंद्री, ए चंद्री, अशी हाक त्यांनी मारली आणि चंद्री पाण्यातून उठून थेट त्यांच्यापाशी येऊन उभी राहिली. मग आबांनी आम्हाला पाहिलं.

मॅडमनी वही मिटली आणि काठावरच्या दगडावर बसल्या. त्यांनी आधी नानांकडे पाहिलं. ओरडल्या नाहीत, एवढंच विचारलं की असं का केलंत, तुमचंच नुकसान होतं यात. नानांचा फेटा आता हातात आलेला होता.

"मॅडम, पुस्तकमा आमनं गाव गरीब लिखशात, ते आमना पोरेसले पोरी कोन दी?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. डोक्यावर हंडा घेऊन मैलभर चालावं लागतं म्हणून धामणदरला कुणी मुलगी देत नाही. गावात एकवीस मुलं लग्नाची राहिलेली, गोकुळ त्यात वयानं सगळ्यात मोठा. पाहुणे येतात, हंड्यांची रांग बघतात आणि चहा न घेता परत जातात. आता मॅडमचं पुस्तक छापलं जाणार, सगळीकडे जाणार, त्यात गावाचं नाव येणार. तिथे तरी गाव चांगलं दिसावं, एवढंच नानांच्या मनात होतं.

मला तिथे उभं राहवेना. चौदा वर्षं मी या माणसाला पुढच्या वर्षी म्हणत आलो होतो, आणि काल त्यांच्या बाजूनं एक शब्द बोललो नव्हतो. जिथे म्हशीनं साक्ष दिली तिथे आपण गप्प राहायचं म्हणजे फारच झालं. मी रजिस्टर मॅडमच्या पुढ्यात ठेवलं.

"मॅडम, यात जिथे जिथे ज्वारी लिहिलीय, तिथे केळी आहे. सगळी माझ्या हातची आहे."

मॅडमनी मान वर करून मला नीट पाहिलं. मग विचारलं, किती वर्षांची? मी म्हणालो, तुम्ही मागाल तितक्या वर्षांची. त्या हसल्या. अंगावर पाणी उडालेलं असूनही तिथेच बसून त्यांनी दोन्ही गावांची पाहणी पुन्हा पहिल्यापासून लिहिली, या वेळी म्हशी मालकाच्या नावासमोर. आबांनी आधी का-कू केलं, पण चंद्री शेजारी उभी असताना म्हैस नाही असं म्हणायला त्यांनाही जड गेलं. दुसऱ्या दिवशी आबांकडे कोऱ्या चहाऐवजी दुधाचा आला आणि बागेत फिरताना मॅडमनी केळीचा घड स्वतः मोजला. चहाची टपरी, खतांचं दुकान, घड भरून दिल्लीकडे निघालेले ट्रक, केळी कापणारे धामणदरचे मजूर, सगळं त्यांच्या वहीत गेलं. त्या म्हणाल्या, पाण्याची किंमत नुसत्या शेतात शोधली तर अर्धी हाती लागते, उरलेली रस्त्यावर शोधावी लागते. शेवटी त्यांनी तक्त्यात एक नवा रकाना आखला आणि त्यावर लिहिलं, लग्नं. सावळखेड्याच्या समोर आकडा भरला. धामणदरच्या समोर शून्य.

अहवाल वर गेला. मलाही एक कागद आला, त्यात खुलासा मागितला होता. मी खरा खुलासा दिला आणि एक वेतनवाढ गेली. बायको म्हणाली, घड तर शेजाऱ्यांनी खाल्ले, वेतनवाढ मात्र आपलीच गेली. पण दीड वर्षानं टेकाडाला मशीन लागलं. चारीत पहिलं पाणी सोडलं तेव्हा पाणी अडवणाऱ्या दाराचं चाक फिरवायचा मान साहेबांनी मला दिला. नाना काठावर उभे होते आणि पाणी बघून रडत होते. मीही रडलो, पण माझी पाठ लोकांकडे होती.

माझ्या निवृत्तीला दोन महिने राहिले असतील. धामणदरची पहिली मोजणी माझ्याच वाट्याला आली. नवीन रजिस्टर, नवीन फीत. नानांच्या शेतावर गेलो. बांधावर चारी बाजूंनी ज्वारीच्या चार-चार ओळी. मी ज्वारी बाजूला केली आणि आत शिरलो. पुरुषभर उंचीची केळी, पानांची अशी दाटी की ऊन खाली पोचत नव्हतं. मी दोन एकर मोजली आणि त्यांच्या घरी सही घ्यायला गेलो.

नाना फाटका सदरा घालून ओट्यावर बसले होते. सून आतून चहा घेऊन आली, कोरा. ही सून सावळखेड्याची, आबांच्या चुलतभावाची मुलगी, पाणी आल्यावर सहा महिन्यांत लग्न झालं. कडेवर तान्हं बाळ. नातवाला दूध व्हावं म्हणून आबांनी चंद्रीची पारडी, आता चांगली दुभती म्हैस झालेली, पाठवली होती, हे मला साऱ्या तालुक्यानं सांगितलेलं होतं. मी विचारलं, नाना, म्हैस कुठे?

"आठे काही नई शे भाऊ. बठ्ठं वाळी गयं."

सगळं वाळून गेलं म्हणे. तेवढ्यात घरामागून लांबलचक रेकणं ऐकू आलं. थोड्या वेळानं तुटलेलं दावं ओढत एक म्हैस अंगणात आली. डावं शिंग खाली वळलेलं, कपाळावर पांढरा टिळा. आमच्याकडे न बघता ती पलीकडे चारीकडे निघून गेली. सून पदराआड हसू लपवून आत पळाली. मी रजिस्टर उघडलं आणि नानांच्या नावापुढे मोठ्या अक्षरात केळी लिहिलं. नाना वाकून बघत होते. त्यांनी सही केली, पेन मला परत दिलं आणि माझा हात तसाच धरून ठेवला.

"पोऱ्यानं लगीन व्हई गयं ना भाऊ. आते गरीब लिखा."